निशिगंध मागितला आणि मलम मिळालं

शिरोली एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एका तरुणाने विचारलंय: "मित्रांबरोबर वाटून सर्ज ल्युटेन्सच्या 'ट्युबेरूज क्रिमिनेल' या फ्रेंच अत्तराची 10 मिलीची बाटली घेतली. निशिगंध म्हणून घेतली. चुलत बहिणीच्या हळदीला लावून गेलो, तर आई म्हणाली, 'कुणाला लचक भरलीय काय रे?' पहिली वीस मिनिटं मला स्वतःलाच तालमीत बसल्यासारखं वाटतं. जाणकार मात्र हे फार मोठं काम आहे म्हणतात. माझं नाक कच्चं आहे, की लोक महागडी बाटली बघून माना डोलावतात? आणि जे मला आवडतच नाही त्याला चांगलं म्हणायचं तरी कसं?"

तुमच्या आईंचं नाक अगदी बरोबर आहे, हे आधी सांगतो. त्यांनी ओळखलेला वास त्या बाटलीत खरोखरच आहे. पाठ धरली, पाय मुरगळला की आपण जे मलम चोळतो, त्याचा तो झणझणीत, गार, औषधी वास मुख्यतः मिथाइल सॅलिसिलेट नावाच्या द्रव्याचा. आणि हेच द्रव्य निशिगंधाच्या फुलातही असतं. प्रमाण कमी, पण असतं. शिवाय त्या फुलात इंडोल असतं, जे एकटं आणि दाट हुंगलं तर डांबराच्या गोळ्यांकडे झुकतं. मिथाइल अँथ्रॅनिलेट असतं, त्याला द्राक्षासारखा गोडवा. देवाच्या हारातली गुलछडी आपण हातभर अंतरावरून हुंगतो, म्हणून या सगळ्यांची गोळाबेरीज तेवढी आपल्यापर्यंत पोचते आणि आपण तिला 'निशिगंधाचा सुवास' म्हणतो.

सर्ज ल्युटेन्ससाठी ख्रिस्तोफर शेल्ड्रेक यांनी 1999 साली हे अत्तर बांधलं, तेव्हा त्यांनी फुलातला हा औषधी भाग झाकला नाही. उलट वाढवून थेट दारात उभा केला. नावाचा अर्थच 'गुन्हेगार निशिगंध'. तो गारठा ओसरला की आतून फूल येतं, आणि जे येतं ते सायीसारखं दाट, उबदार, रात्रीचं असतं. सुरुवातीचा गारवा नसता तर ती ऊब एवढी जाणवली नसती. तुम्ही पत्रात पहिल्या वीस मिनिटांचं वर्णन केलंय, पुढच्या चार तासांबद्दल एक शब्द नाही. मला वाटतं तुम्ही हात धुतलेत. हळदीच्या मांडवात धुणं भागच होतं, त्यात काही चुकलं नाही. पण मग तुम्ही त्या अत्तराचा सुरुवातीचा थोडासा भागच पाहिलाय.

माझं अत्तराचं दुकान महाद्वार रोडच्या एका बोळात, वडिलांच्या काळापासूनचं. गुलाब, मोगरा, केवडा, हिना, खस यांवर वडिलांनी संसार केला. बाहेरच्या देशातली अत्तरं मी गेल्या 20 वर्षांत शिकलो, बरीचशी स्वतःच्या पैशाने विकत घेऊन. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. 'हे मला मानवतं का?' आणि 'हे काम कसं झालंय?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरं एकच माणूस एकाच मनगटावरून देतो, म्हणून ते एकमेकांत मिसळतात. तुमची अडचण तिथेच आहे.

आधी मानवण्याचं बघू. ब्रिटनमध्ये 1960च्या दशकाच्या मध्यात लोकांना वेगवेगळे वास देऊन आवडनिवड विचारली गेली, तेव्हा विंटरग्रीनचा, म्हणजे याच मिथाइल सॅलिसिलेटचा वास सर्वांत नावडत्या वासांमध्ये गेला. अमेरिकेत 1970च्या दशकाच्या अखेरीस तशीच पाहणी झाली, तिथे तोच वास सर्वांत आवडत्या वासांमध्ये आला. रेणू तोच, माणसांची नाकंही तशीच. फरक एवढाच, की ब्रिटिश लोकांनी तो दुखण्यावरच्या मलमात ओळखला होता आणि अमेरिकन लोकांनी गोळ्या-च्युइंगगममध्ये. तुम्ही कोल्हापुरात वाढलात. इथे प्रत्येक पेठेत तालीम, घरात कुणीतरी अंगाला माती लावलेला, आणि कपाटात मलमाची डबी. तुमच्या नाकाने जी खूण दिली ती इथे वाढलेल्या माणसाची आहे.

याची उलट बाजू मी दुकानात नेहमी बघतो. दवण्याच्या तेलात बुडवलेली कागदाची पट्टी एखाद्या कोल्हापूरकराच्या हातात दिली, की तो डोळे मिटून म्हणतो, 'जोतिबा!' चैत्र यात्रेत वाडी रत्नागिरीच्या डोंगरावरून गुलालाने माखून उतरताना हातात असतो तो दवणा. हेच तेल परदेशी अत्तरांत जर्दाळूसारख्या, मुरलेल्या फळासारख्या, थोड्या मद्यासारख्या छटेसाठी वापरतात. पुण्याहून आलेल्या एका बाईंना मी ती पट्टी दिली होती. त्यांना खोकल्याचं औषध आठवलं. त्यांच्या नाकात काही कमी नव्हतं, त्यांच्या लहानपणात जोतिबाचा डोंगर नव्हता इतकंच.

शिवाय शरीराचाही वाटा असतो. वास पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) माणसाच्या नाकात सुमारे 400 प्रकारचे असतात. त्यांची जनुकं शोधून काढण्यासाठी लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना 2004चं नोबेल मिळालं. हे ग्राहक माणसागणिक थोडे वेगळे असतात. काही कृत्रिम कस्तुऱ्या तर अनेकांना अजिबातच कळत नाहीत. गिऱ्हाईक म्हणतं, 'यात वासच नाही', आणि शेजारी उभ्या बायकोला तो दारापर्यंत येतो. म्हणून नावडीबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही.

माझीच नावड सांगतो. मी कागलकडच्या खेड्यात वाढलो. हिवाळ्यात गुऱ्हाळ रात्रभर चालायचं. चुलवाणात चिपाडं सारणारा जळव्या, काहिलीवर वाकलेला गुळव्या, आणि काठावर आम्ही पोरं, काकवीची वाट बघत. दहा वर्षांचा असताना एका रात्री इतकी गरम काकवी प्यालो की पहाटेपर्यंत उलट्या झाल्या. दोन दिवस अंथरुणात होतो. तेव्हापासून तो दाट, करपायच्या बेतातला गोड वास आला की माझ्या घशाशी येतं.

आता आनिक गुताल यांचं 'साब्ल' हे 1985चं अत्तर बघा. नावाचा अर्थ 'वाळू'. भूमध्य समुद्राकाठच्या वाळूत उगवणाऱ्या इमॉर्टेल नावाच्या पिवळ्या फुलावर ते बेतलंय, आणि त्या फुलाचा वास थेट काकवी, मेथी, वाळलेलं गवत यांच्या जवळचा. पहिल्यांदा हुंगलं तेव्हा मी बाटली बंद करून दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. पण ती बाटली मी ठेवून घेतली, आणि वर्षातून एकदा मुद्दाम मनगटावर लावतो. कारण त्यात जे केलंय ते थक्क करणारं आहे. एवढा गोड, चिकट वास, पण तो कुठेच चिकटू दिलेला नाही. खाली कोरडा, मिऱ्यासारखा मसालेदार आधार आहे, त्यामुळे गोडवा उन्हात तापलेल्या वाळूसारखा सुटा सुटा राहतो. काकवीचा खडखडीत कोरडा वास करून दाखवणं किती अवघड आहे, हे गुऱ्हाळात वाढलेल्याला जास्त कळतं. मला ते अत्तर आजही आवडत नाही. मी ते कधी लावून लग्नाला जाणार नाही. पण ज्याला ते शोभेल अशा दोन माणसांना मी स्वतःहून ते हुंगायला दिलं आणि दोघांनीही घेतलं.

तर काम कसं पारखायचं? मी एकच प्रश्न सतत विचारतो: हा बोचरेपणा ठेवलेला आहे, की राहून गेलेला आहे?

आमच्या धंद्यातला दाखला देतो. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला तांब्याच्या डेगमध्ये फुलं आणि पाणी घालून खाली जाळ लावतात. वाफ बांबूच्या चोंग्यातून, म्हणजे नळीतून, भपका नावाच्या भांड्यात उतरते, भपका गार पाण्यात बुडवलेला असतो आणि त्यात चंदनाचं तेल असतं. सगळं कसब जाळ सांभाळण्यात. डेगवरचा माणूस जरा ढिला पडला, जाळ वाढला, फुलं तळाला लागली, तर अत्तरात जळकट वास उतरतो आणि तो पुढे कशानेही जात नाही. तो राहून गेलेला वास. पण तिथेच 'चोया' नावाची वेगळी पद्धत आहे. समुद्री शिंपल्याचे नख किंवा लोबान मुद्दाम भाजून त्यांचा धुरकट अर्क काढतात आणि तो मोजून हिन्यात, शमामा नावाच्या मसालेदार अत्तरात घालतात. तोही जळकटच. पण तो अत्तराला खोली देतो. तो काढला तर वरचं सगळं सपाट होईल. हा ठेवलेला वास. दोन्ही पट्ट्या समोर ठेवल्या, तर पहिल्या पाच मिनिटांत नवशिक्याला फरक कळणार नाही. तासाभराने कळतो. राहून गेलेला जळकटपणा शेवटपर्यंत तसाच एकटा बसून राहतो. ठेवलेला जळकटपणा बदलतो, इतरांशी जुळतो, कुणालातरी पुढे आणून मागे सरकतो.

तुमच्या निशिगंधाला हीच कसोटी लावा. मलमाचा वास कुठून कुठे जातो? तो गेल्यावर मागे पोकळी राहते, की तिथूनच फूल उमलतं? माझ्या नाकाला तो सांधा कुठेच दिसत नाही. गारवा कधी साय झाला ते सांगता येत नाही, आणि हे घडवून आणणं फार कठीण काम आहे.

त्याच्या शेजारी आणखी दोन निशिगंध ठेवले की चित्र स्पष्ट होतं. जर्मेन सेलिए यांनी 1948 साली रोबेर पिगे यांच्यासाठी 'फ्राका' केलं. ते लोण्यासारखं, भरगच्च, खोलीत शिरल्याबरोबर सगळ्यांना कळणारं. दोमिनिक रोपियाँ यांनी 2005 साली फ्रेडेरिक माल यांच्यासाठी 'कार्नल फ्लॉवर' केलं. त्यात देठाचा हिरवटपणा आहे, ओल्या नारळाची झाक आहे, ताजं फूल पाण्यात ठेवल्यासारखं वाटतं. फूल एकच, मूळचं मेक्सिकोचं, आणि त्याचं ॲब्सोल्यूट, म्हणजे फुलातून काढलेला दाट अर्क, आज मोठ्या प्रमाणावर दक्षिण भारतातच निघतं. पण तिघांनी फुलाचं काय सांगायचं ते वेगवेगळं ठरवलं. सेलिएंनी त्याचा लोण्यासारखा भरगच्चपणा घेतला, रोपियाँनी त्याचं जिवंत ताजेपण, शेल्ड्रेकांनी त्याचा औषधी कडवटपणा. तुम्हाला बहुतेक 'कार्नल फ्लॉवर' भावेल. 'भावतं' याचा अर्थ 'ते वरचढ आहे' असा लावू नका, एवढंच म्हणणं आहे.

खासबागेच्या मैदानात हे कोल्हापूरकराला शिकवावं लागत नाही. शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान 1912 पासून उभं आहे. तिथे आपल्या तालमीचा पैलवान चितपट झाला तरी समोरच्याचा डाव साफ बसला असेल तर आपल्याच बाजूचे म्हातारे फेटे उडवताना मी पाहिलेत. त्यांनी तालीम बदललेली नसते. घरी जाताना ते हळहळतच जातात.

प्रत्यक्ष पारख कशी करायची तेही सांगतो. एकदा लावून निकाल देऊ नका. तीन वेगवेगळ्या दिवशी लावा, पहिल्यांदा कागदाच्या पट्टीवर, मग दोनदा अंगावर. कोल्हापुरात मे महिन्याच्या दुपारी काहीही लावून बघू नका. कातडी तापलेली असते, वरचे हलके वास भुर्रकन उडतात आणि गोड, जड वास अंगावर येतात. पावसाळ्यात हवा दमट असते, वास शांतपणे सुटतो. शक्य असेल तर जून-जुलैतली संध्याकाळ निवडा. एकच फवारा, कोपराच्या आतल्या बाजूला. मनगट मनगटावर घासू नका. पाच मिनिटांनी, अर्ध्या तासाने, दोन तासांनी, आणि रात्री झोपताना हुंगा. मध्ये मध्ये नाक थकतं, तेव्हा मोकळ्या हवेत या किंवा स्वतःच्या शर्टाची बाही हुंगा. काही दुकानांत कॉफीच्या बिया ठेवतात. मला त्यांचा कधी उपयोग जाणवला नाही.

आणि शब्द वापरा. 'भारी' आणि 'घाण' या दोन शब्दांत अडकलं की नाक पुढे सरकत नाही. आपल्या मराठीत वासाला किती शब्द आहेत बघा: करपट, जळकट, कुबट, खवट, ओशट, मातकट, आंबूस, तुरट, हिरवट, उग्र, खमंग. घरात रोज वापरतो, अत्तराच्या बाबतीत मात्र विसरतो. 'घाण आहे' असं लिहिण्याऐवजी 'सुरुवातीला मलमासारखा गार आणि झणझणीत, अर्ध्या तासाने ओशट-गोड, शेवटी थोडा कुबट' असं वहीत लिहा. लिहिता लिहिता तुम्हालाच कळतं की नेमकं काय खटकतंय. काही वेळा असंही होतं, की खटकणारी गोष्ट एकच आणि छोटी असते आणि बाकीचं अत्तर तुम्हाला आवडत असतं.

आता दुसरी बाजू, कारण तुमची शंका अगदीच बिनबुडाची नाही. महाग आणि कमी विकलं जाणारं प्रत्येक अत्तर आदराच्या लायकीचं नसतं. छोटी, स्वतंत्र अत्तर-घराणी सुरू झाली तेव्हा त्यामागे खरी तळमळ होती. झाँ लापोर्त यांनी 1976 साली लार्तिझाँ पार्फ्युमर काढलं. फ्रेडेरिक माल यांनी 2000 सालापासून बाटलीवर अत्तर बांधणाऱ्याचं नाव छापायला सुरुवात केली. ही मोठी गोष्ट होती, कारण तोवर तो माणूस पडद्याआडच असायचा. पण पुढे या बाजारात पैसा दिसला आणि वजनदार झाकण, मखमली खोका, अवघड नाव एवढ्यावर विकली जाणारी अत्तरंही आली. ती ओळखायची खूण सोपी आहे. पहिली दहा मिनिटं झगमगाट, कारण दुकानात गिऱ्हाईक तेवढंच हुंगतं. मग मध्ये खड्डा. आणि शेवटी तोच तो टोकदार, कृत्रिम लाकडी वास, जो स्वस्त डिओडरंटमध्येही सापडतो. अशा अत्तराला मी दुकानात चांगलं म्हणत नाही, मग त्याची किंमत कितीही असो. चांगली कोल्हापुरी चप्पल घेताना जाणतं गिऱ्हाईक ती उलटी करून शिलाई बघतं, खिळा कुठे ठोकलाय का बघतं. तिचा रंग त्याच्या आवडीचा नसला तरी वादीची शिलाई एकसारखी असेल तर 'हात चांगला आहे' म्हणतं. अत्तरात ही उलटी बाजू दोन-तीन तासांनी दिसते.

दुसऱ्यांशी बोलताना थोडी काळजी घ्या. तुमच्या ज्या मित्राने ही बाटली वाटून घेतली, त्याला कदाचित ती मनापासून आवडली असेल. अत्तर अंगावर असतं, त्यामुळे अत्तराला घाण म्हटलं की ते माणसालाच लागतं. 'मला सुरुवातीचा मलमाचा वास सहन होत नाही, पण नंतर फूल येतं ते जबरदस्त आहे' एवढं म्हटलं तर खोटंही होत नाही आणि तोही मोकळेपणाने बोलतो. मात्र मन राखायला म्हणून 'आवडलं' म्हणू नका. आणि तीन वेळा प्रामाणिकपणे लावूनही मानवलं नाही तर चौथ्यांदा जबरदस्ती करू नका. आवड कमवायची परीक्षा नाही ही. बाटली कपाटात, अंधारात, थंड जागी ठेवा, बाथरूममध्ये नको. वर्ष-दोन वर्षांनी नाक बदलतं. माझं खसच्या बाबतीत बदललं: तिशीपर्यंत ती मला ओल्या पोत्यासारखी वाटायची, आज उन्हाळ्यात तिच्याशिवाय चालत नाही. काकवीच्या बाबतीत मात्र चाळीस वर्षांत काही बदललं नाही.

एक प्रयोग आईंना बरोबर घेऊन करा. फुलबाजारातून संध्याकाळी गुलछडीची एक दांडी आणा, अर्धी फुलं उमललेली आणि वर कळ्या असलेली. निशिगंध दिवसा गप्प असतो, म्हणून ती पाण्यात ठेवून रात्री साडेआठ-नऊपर्यंत थांबा. खोलीतला पंखा बंद करा. आधी दोन हात लांबून हुंगा, तो आपला नेहमीचा देवघरातला वास असेल. मग हळूहळू जवळ या आणि अगदी शेवटी नुकतंच उमललेलं एक फूल नाकाला टेकवून दीर्घ श्वास घ्या. पाकळी चुरगळू नका. गोडव्याच्या मागे, क्षणभरच, काहीतरी गार आणि झणझणीत नाकात चढतं. आईंना काही न सांगता फूल हुंगायला द्या आणि त्यांना काय आठवतं ते विचारा. त्यानंतरच त्या बाटलीचं झाकण पुन्हा उघडा.